मुलीच्या घरचं पाणी

जगराव,
२० फेब्रुवारी १९९६

अजैबा,

पत्र लिहायचं म्हटलं की तुझा हात दुखतो, आणि फोन करायचा तर आडत्याच्या दुकानात दहा माणसं कान लावून बसलेली असतात. म्हणून मीच लिहितो. बुलेट खोलून अंगणात मांडली आहे, हात काळे आहेत, कागदाला डाग पडतील. ते तुझ्या दुकानातल्या डागांत खपून जातील.

हेमकुंडचा बेत पक्का. फौजेत डाकेच्या पिशव्या पाठीला बांधून आपण घाटाघाटांतून गाड्या हाणल्या, तेव्हापासून दर उन्हाळ्यात हेमकुंडचं नाव निघतं आणि दर उन्हाळ्यात कुणाचं तरी लग्न नाहीतर कुणाची तरी म्हैस आडवी येते. या जूनमध्ये नाही. मी जगरावहून निघून तुझ्याकडे नारायणगढला मुक्काम करीन. मग पांवटा, ऋषिकेश, जोशीमठ. घाई करायची नाही. तुझी कंबर दुखली की थांबायचं, म्हणजे दर तासाला.

आणखी एक डोक्यात आहे. मुलींना न्यायचं. तेजी माझ्या मागे बसेल. लुधियान्याच्या तिच्या नर्सिंगच्या शाळेला तेव्हा सुट्टी असते. आणि रूपी लक्खीबरोबर, त्याच्या मोटरसायकलवर. लग्नाला सव्वा वर्ष झालं, दोघं कुठे म्हणून गेलेली नाहीत.

तू हसशील, पण या दोघींना मी मोटरसायकलवरच वाढवलं. मिंदो गेली तेव्हा रूपी आठची आणि तेजी चारची. सगळी बिरादरी म्हणाली, हरनेक, दुसरं लग्न कर, एखादा मुलगा तरी होईल. मी म्हटलं, मला मुलगा नको, वेणी घालणारं कुणी हवंय. रोज स्वतःचे केस विंचरून जुडा बांधणाऱ्या माणसाला वेणी येऊ नये म्हणजे काय? पण येत नव्हती. क्लचची वायर वळतात तशी मी ती शिकलो. सकाळी टाकीवर तेजी, मागे रूपी, असा शाळेत सोडायचो. रूपीचा पाय ज्या वर्षी किकपर्यंत पोचला त्या वर्षी तिने गाडी स्वतः सुरू केली आणि कोंबड्यांच्या खुराड्यात घातली. बायका ओढणी तोंडाला लावून हसल्या. मला मात्र इतका आनंद झाला होता की विचारू नकोस.

लोहडीला रूपीच्या सासरी, कोटल्याला जाऊन आलो. पिन्न्यांचा, कणकेच्या लाडवांचा डबा दिला. आपल्यात मुलीच्या घरचं पाणी पीत नाहीत, माझा आजा तर मुलीच्या गावच्या विहिरीचंसुद्धा पीत नसे. तेव्हा नेहमीप्रमाणे मी फाटकाबाहेर बुलेटवरच बसलो होतो. रूपी जरा वाळली आहे. आत या, दोन मिनिटं बसा, असं धरून बसली. सासूसमोर असा हट्ट करायचा नसतो, मी रागावलो तिला. मग ती हसली. पण ते हसणं घरी आल्यावरही डोक्यातून गेलं नाही.

सोयरीक तू जुळवलीस. घर तुझ्या मेहुणीचं, बिचोल्याची, मध्यस्थाची अंगठी तुझ्या बोटात. तेव्हा रूपीला आठ दिवस सोडण्याची परवानगी तूच काढायचीस.

तुझा,
हरनेक

*

नारायणगढ,
६ मार्च १९९६

हरनेक सिंगा,

तुझं पत्र तुझ्या वहिनीने, जीतोने मोठ्याने वाचून दाखवलं, माझ्या कमरेचा मजकूर दोनदा. तुझ्या बुलेटचं काय ते बोल. तिचं पिस्टन तुझ्या दातांसारखं झालंय, चढाला धूर ओकेल. इथे आलास की नवीन रिंगा घालून देतो. चेन-स्प्रॉकेटही बदलू.

बेत मला मान्य. तेजीला आण, जीतोला बरं वाटेल. रूपीचं मात्र या वर्षी जमेल असं दिसत नाही. जूनमध्ये धानाची लावणी. दहा-दहा मजुरांच्या भाकऱ्या असतात, तेव्हा सून कोण सोडेल? तिच्या सासूला, बंतोला विचारलं तर ती म्हणाली, पुढच्या वर्षी नेऊ दे. तिचंही चूक नाही.

एक गंमत सांगतो. मागच्या महिन्यात तुझी रूपी लक्खीची मोटरसायकल घेऊन एकटीच आमच्या दारात. सकाळची वेळ, धुकं एवढं की बैलगाडी दिसेना, आणि ही चार मैल गाडी मारत आलेली, अंगावर शालसुद्धा नाही. म्हणे, सहज आले. जीतोने परांठे घातले. दुपारी मी दुकान बंद करून समजूत घातली आणि तिला परत पोचवून आलो. गाव म्हटल्यावर बोलणं व्हायचं ते झालं. कोटल्यात आजवर सून मोटरसायकल हाकताना कुणी पाहिली नव्हती. लक्खीचे मित्र त्याला म्हणाले, आता तू ओढणी घे आणि मागे बस. पोरगा खजील झाला, दुसरं काय. आता किल्ली त्याच्या खिशात असते.

पोरगी गुणाची आहे, जीभ तेवढी तिखट. ती तुझी करामत. एखादं मूल झालं की सगळं रुळावर येतं, आपण पाहिलेलंच आहे. तू उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस. मी इथे चार मैलांवर आहे की.

तुझा,
अजैब

*

जगराव,
१९ एप्रिल १९९६

अजैबा,

धुक्यातून गाडी मारली हे वाचून मी आडत्याच्या दुकानात सगळ्यांना सांगत सुटलो. फौजेतले आपले अर्धे लोक त्या धुक्यात खड्ड्यात गेले असते. तेजीला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, पापाजी, शाल न घेता थंडीत कोण सहज येतं? मी म्हटलं, तुझं आपलं काहीतरीच.

वैशाखीला तेजीला मागे बसवून कोटल्याला गेलो. रूपी फाटकापाशी आली. मागे बंतो उभी. तेजी लहान बहीण, तिला आत जायला कसली आडकाठी? पण बंतो म्हणाली, आत जमीन सारवली आहे, ओली आहे. बरं. आम्ही बाहेरच. रूपीने पाण्याचा गडवा आणला. मी नेहमीप्रमाणे हात जोडले. ती गडवा खाली ठेवीना. तसाच धरून उभी. म्हणाली, “पापाजी, एकदा पाणी प्या ना आमच्या घरचं. एकदा येऊन बसा.” एवढी शिकलेली मुलगी, तिला ठाऊक नाही का? मी म्हटलं, पुत्तर, लोक काय म्हणतील, हरनेक सिंग मुलीच्या घरचं खायला लागला. ती तेजीकडे बघत राहिली.

मग हेमकुंडचं विचारायला लागली. कोणत्या तारखेला निघणार, कोटल्यावरून किती वाजता जाल, परत कधी याल. म्हणाली, मला कॅरियरवर बांधून न्या, सामानासारखी. मी हसलो. म्हटलं, सासरी विचार, त्यांनी हो म्हटलं तर टाकीवर बसवून नेतो. तेव्हा वाटलं, हाडाची फटफटीवाली आहे, उन्हाळा आला की हिचे पाय शिवशिवतात.

रस्त्यात तेजीने गाडी थांबवायला लावली. कालव्याच्या पुलावर. म्हणाली, दीदीचं डावं मनगट पाहिलंत? ते मोडून वाकडं सांधलंय. मोडल्यावर कुणी दवाखान्यात नेलं नाही, त्याचं हाड असं बसतं, आम्हाला चित्रं काढून शिकवतात. मी म्हटलं, मग तिने सांगितलं का नाही? तर माझ्यावर ओरडली. म्हणाली, सासू मागे उभी असताना फाटकात उभं राहून सांगायचं? तुम्ही एकदा तरी तिला एकटीला भेटलात का? आत गेलात का?

मुलगी बापावर ओरडली आणि मी किक मारून गाडी सुरू केली.

अजैबा, सरळ लिहितो. मला भीती वाटायला लागली आहे. मी तिला गाडी शिकवली, उलट बोलायला शिकवलं, कुणाचं ऐकून घेऊ नकोस म्हणून शिकवलं, आणि मग जिथे सगळ्यांचं ऐकूनच घ्यावं लागतं अशा घरी पाठवून दिलं. दोन्हीपैकी काहीतरी एक चुकलंय. मला आत जाता येत नाही. माझ्या बापाने बहिणीच्या उंबऱ्यात कधी पाय ठेवला नाही, मी ठेवला तर तिचंच नाक कापलं जाईल, सासू तिला जन्मभर टोमणे मारील. पण तू जाऊ शकतोस. तू त्या घरचा आहेस. आत जा, जेव, संध्याकाळपर्यंत बस, रूपीला एकटीला विचार, आणि जे दिसेल ते मला लिही. हातचं राखून लिहू नकोस. तुझ्या डोळ्यांवर माझा भरवसा आहे.

तुझा,
हरनेक

*

नारायणगढ,
२ मे १९९६

हरनेका,

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी कोटल्याला गेलो. दुपारी पोचलो, कढी-भात खाल्ला, ऊन उतरेपर्यंत बसलो. रूपी ठीक आहे. मनगटाचं विचारलं. हातपंपापाशी शेवाळ होतं, पाय घसरला, हातावर पडली. गावच्या हाडवैद्याने बांधलं, थोडं तिरकं बसलं. खेड्यात असं होतंच. माझ्या अंगठ्याचं काय झालं होतं आठवतं ना? तेजीला सांग, नर्सिंग शिकायला लागलं की पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळीकडे मोडलेली हाडं दिसतात.

नवरा-बायकोत कुरबुर असते, ती आहे. नाही म्हणत नाही. लक्खी तापट आहे, पण दारूच्या वाटेला जात नाही. या जमान्यात आणखी काय पाहिजे?

मित्र म्हणून एक सांगतो, राग धरू नकोस. तू उद्या उठून मुलीला घरी आणलीस तर परत पाठवणं तुझ्या हातात राहणार नाही. मोठी बहीण घरी बसली आहे म्हटल्यावर तेजीच्या दारात कोण येईल? विचार कर. मुलींच्या बापाने थोडा कानाडोळा करायला शिकावं लागतं.

जीतो हल्ली बहिणीकडे जात नाही, दोघींचं काहीतरी बिनसलंय. त्यामुळे मलाच जावं लागतं. पिस्टनच्या रिंगा आणून ठेवल्या आहेत. वाटेत पाऊस लागेल, दोघांना पुरेल एवढी ताडपत्री घे.

तुझा,
अजैब

*

लुधियाना,
१७ मे १९९६

चाचाजी,

सत श्री अकाल. हे पत्र पापाजींना न सांगता लिहीत आहे.

परवा मी बसने एकटीच कोटल्याला गेले. बंतो मावशीजी फाटकात आल्या आणि म्हणाल्या, रूपी गुरुद्वाऱ्यात गेली आहे. मी म्हटलं, थांबते. त्या म्हणाल्या, मग आम्हालाही बाहेर जायचंय. आतून खोकल्याचा आवाज आला. दीदीचा खोकला मला कळतो, आम्ही एका रजईत झोपायचो. मी हाक मारली तर मावशीजींनी फाटक लावून घेतलं.

शेजारच्या सरदारनीने मला तिच्या ओसरीवर बसवलं. ती म्हणाली, मोटरसायकलच्या त्या प्रकारापासून मुलीला बाहेर सोडत नाहीत. मारतात. आवाज ऐकू येतो. मी तुमचं विचारलं. ती म्हणाली, नारायणगढवाले सरदारजी त्या दिवशी तिला आणून सोडून गेले, त्यानंतर इकडे फिरकलेले नाहीत. चाचाजी, मग तुम्ही कढी-भात कुठे खाल्लात?

दीदी त्या धुक्यात तुमच्याकडे सहज आली नव्हती. हे तुम्हाला तेव्हाच कळलं असणार. चाचीजींनी तिचे कपडे बदलले असतील तर त्यांनाही.

मला तुमचा अपमान करायचा नाही. लहानपणी तुम्ही आम्हाला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली आहे. मी एवढंच म्हणते की मी गेले तर मला फाटकावरून परत पाठवतात. पापाजी आत जाणार नाहीत. मी त्यांच्याशी भांडून दमले, ते रडायला लागतात पण पाय उचलत नाहीत. त्या घरात जाऊ शकेल असं आमच्याकडचं एकच माणूस उरतं. ते तुम्ही. पापाजी तुमच्या पत्रावर विश्वास ठेवून आहेत. तुम्ही एका ओळीत लिहिलंत की मुलीला घेऊन जा, तर ते त्याच रात्री निघतील.

ती एक ओळ लिहा.

तेजिंदर

*

नारायणगढ,
२४ मे १९९६

हरनेका,

तुझ्या धाकटीने मला पत्र लिहून जाब विचारला आहे. कढी-भात कुठे खाल्ला म्हणून विचारते. ज्या शेजारणीचं ऐकून तिने हे लिहिलं तिचं आणि बंतोचं बांधावरून वर्षानुवर्षं भांडण आहे, हे तिला कुणी सांगायचं? या वयात मला पोरीबाळींना हिशेब द्यायची सवय नाही. तू आवर घाल. उद्या हे पत्र कोटल्यात कुणाच्या हाती लागलं तर रूपीच्या अंगाशी येईल.

तुझं मन खात असेल तर आणखी काय करू सांग. असं करू. आठ जूनला आपण निघालो की पहिल्यांदा कोटल्याला गाडी वळवू. तू फाटकापाशी थांब, तुझा नेम मोडायला नको. मी तुझ्या डोळ्यांदेखत आत जाईन, रूपीला भेटेन आणि बाहेर येऊन तुला सांगेन. मग तर झालं?

अजैब

*

जगराव,
३१ मे १९९६

अजैबा,

झालं. हेच पाहिजे होतं. माझं डोकं आता थोडं शांत झालं.

तेजीला बोललो. वडिलांच्या मित्राला असं लिहितात का म्हणून फार बोललो. पूर्वी टेबल वाजवून भांडायची, ते परवडायचं. आता म्हणते, यात्रेला मी येत नाही, तुम्ही जा. सुट्टीतही लुधियान्यातच राहणार आहे. तिच्या जागी ताडपत्री बांधीन.

रात्री विचार येतात. मुलींना वाढवताना मला वाटायचं, आपण पंजाबातला सगळ्यात शहाणा बाप आहोत. लोक मुलींना घरात डांबतात, मी रस्ता दाखवला. पण रस्ता जिथे संपतो तिथे काय करायचं हे मलाच माहीत नव्हतं, त्यांना काय सांगणार? जाऊ दे. हेमकुंडला गेलो की रूपीसाठी अरदास करीन. बर्फाच्या पाण्यात डुबकी मारीन, जितक्या वेळा मारवेल तितक्या वेळा.

सात तारखेला संध्याकाळी पोचतो. तू आत जाऊन आलास की माझा जीव भांड्यात पडेल.

हरनेक

*

जगराव,
९ जुलै १९९६

अजैब सिंग,

भोग झाला, पाठाची समाप्ती झाली. अखंड पाठाच्या तिन्ही दिवशी तू आला नाहीस. जीतो आली होती. मागे बसून होती, माझ्यासमोर आली नाही.

ऋषिकेशच्या फोनच्या दुकानात मला जेव्हा कळलं तेव्हा तू शेजारी होतास. तू मला धरलंस, पाणी पाजलंस. तिथून अंबाल्यापर्यंत तू माझ्या पुढे गाडी चालवलीस, मी पडेन म्हणून. मला तेव्हा वाटलं, मित्र असावा तर असा.

आता जे कळलंय ते लिहितो. सहा जूनला लक्खीने तिला जिन्यावरून ढकललं. मांडीचं हाड मोडून बाहेर आलं. हाडवैद्याने बांबूच्या पट्ट्या बांधल्या आणि मागच्या खोलीत टाकली. अकरा तारखेला तापात ती बरळायला लागली तेव्हा त्या शेजारणीने तेजीच्या हॉस्टेलला फोन केला. तेजी दोन वर्गमैत्रिणी आणि भाड्याची जीप घेऊन आली. फाटक उघडेनात, तर भिंतीवरून आत उतरली. आपण घांगरियाहून वर चढत होतो तेव्हा ती बहिणीला घेऊन अंबाल्याच्या वाटेवर होती. डॉक्टर म्हणाले, विष अंगभर पसरलंय, चार दिवस आधी आणली असती तर पाय कापून जीव वाचवला असता. रूपी दोन दिवस जगली. सासरचे प्रेत मागायला आले, तेजीने हात लावू दिला नाही. मी येईपर्यंत शवागाराच्या दाराशी बसून राहिली. मी आलो तेव्हा माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली की पापाजी, तिचे केस मी विंचरलेत.

पंचनाम्याला पोलिसांबरोबर त्या घरात गेलो. पहिल्यांदा. मागच्या खोलीला खिडकी आहे, ती फाटकाकडे उघडते. खाटेवर पडून दिसत असेल की नाही म्हणून मी स्वतः त्या खाटेवर पडून पाहिलं. दिसतं. फाटकाबाहेर बुलेट उभी केली तर हँडल आणि बसलेल्या माणसाची पगडी दिसते. हवालदाराने पाणी मागितलं, तेव्हा कुणीतरी मलाही दिलं. मी प्यायलो. तिथे आता माझी मुलगी राहत नव्हती.

शुद्धीत होती तेवढ्यात रूपी तेजीशी थोडं बोलली. म्हणाली, चाचाजी आले होते. माझ्या उशाशी बसले होते.

म्हणजे आठ तारखेला तू आत गेलास. मी बाहेर गाडीवर बसून पगडीखालचा घाम पुसत होतो. तू बाहेर आलास आणि म्हणालास, जरा कणकण आहे, आत्ताच डोळा लागलाय, उठवू नको, येताना भेटू. मी लाडवांचा डबा बंतोच्या हातात दिला आणि आपण निघालो. पांवट्याला तू जिलबी घेतलीस.

मला तुला शिव्या द्यायच्या नाहीत. देऊन पाहिल्या, पुरत नाहीत. लक्खी आणि बंतो म्हणतात, ती नऊ तारखेला स्वतः पडली. आठ तारखेला तिला त्या खाटेवर पाहिलेलं घराबाहेरचं एकच माणूस आहे. तू कोर्टात काय सांगायचं ते तुझं तू ठरव. वकील म्हणतात, तू नाही बोललास तर ती दोघं सुटतील.

पण मला जे विचारायचंय ते कोर्टासाठी नाही. ती तेव्हा झोपलेली नव्हती, हे मला माहीत आहे. ती तुला काय म्हणाली? शब्द न बदलता लिही.

हरनेक सिंग

*

नारायणगढ,
२८ जुलै १९९६

हरनेक,

काल ठाण्यात जाऊन जबाब दिला. आठ तारीख, खोली, पट्ट्या, वास, सगळं सांगितलं. सही केली. बंतोचे लोक दुकानावर आले होते, काचा फुटल्या. रूपी गेली त्या दिवसापासून जीतो माझ्याशी बोलत नाही. ती फेब्रुवारीतच म्हणत होती की पोरीला जगरावला नेऊन सोड, आणि मीच तिला गप्प केलं होतं. एप्रिलमध्ये मी कोटल्याला गेलो नव्हतो. कढी-भात खोटा होता.

मी आत गेलो तेव्हा बंतोने माझे पाय धरले. उद्याच अंबाल्याला नेतो म्हणाली, गुरूची शपथ घेतली. लक्खी कोपऱ्यात उभा होता. मला वाटलं, तू पाहिलंस तर तिथेच एक-दोन मुडदे पडतील, तू तुरुंगात जाशील, तेजी उघड्यावर पडेल. आठ दिवसांत परत येऊ, तोवर हे तिला दवाखान्यात नेतील, मग बसून मिटवू. हे खरं आहे. आणि ही सोयरीक मी जुळवली होती, लोक माझ्या तोंडात शेण घालतील असंही वाटलं, तेही खरं आहे. त्यातलं आधी काय वाटलं ते मला आठवत नाही.

तू विचारलंस ते लिहितो. शब्द बदललेला नाही.

तिचे डोळे उघडे होते. बाहेर तुझी गाडी चालूच होती, तू बंद केली नव्हतीस. तिने विचारलं, पापाजींची बुलेट ना? मी हो म्हटलं. मग तिने माझं मनगट धरलं, वाकड्या हाताने, आणि म्हणाली, “चाचाजी, त्यांना म्हणावं, पाणी नका पिऊ. नुसते आत या.”

मी बाहेर आलो आणि तुला म्हटलं, झोपली आहे.

अजैब